सगळं पाठ आहे, तरी चुकतो

“मॅडम, घरी विचारलं की घडाघडा म्हणतो. नाउन म्हणजे काय, व्हर्ब म्हणजे काय, शब्दांच्या आठही जाती पाठ. पेपरात मात्र दहापैकी तीन! डोक्यातच काही कमी आहे का हो याच्या?”

मुलाला माझ्याकडे घेऊन आलेल्या ताईंनी, म्हणजे त्याच्या आईने, हे त्याच्या देखतच विचारलं. मुलगा सातवीतला, त्याला इथे ओंकार म्हणू या. तो खाली मान घालून दप्तराच्या चेनशी चाळा करत होता. इंग्रजीच्या चाचणीच्या दिवशी सकाळी हमखास पोट दुखतं, ही दुसरी तक्रार.

पोटदुखी ऐकली आणि मी परीक्षेच्या भीतीच्या वाटेला लागले. पहिली भेट गप्पा आणि श्वासाच्या व्यायामात गेली. वायाच गेली म्हणा ना. वाचन त्याचं सरळ होतं, अक्षरांची उलटापालट नव्हती. मग दुसऱ्या वेळी मी त्याला चुकलेला पेपरच घेऊन यायला सांगितलं. हे खरं तर आधी करायला हवं होतं.

‘प्लीज वॉटर द प्लांट्स’ यात वॉटर अधोरेखित. त्याने लिहिलं होतं नाउन. ‘वी वेंट फॉर अ वॉक’ यात वॉकला व्हर्ब. ‘ही रन्स फास्ट’मध्ये फास्टला अ‍ॅडजेक्टिव्ह, ‘कम इन’मधल्या इनला प्रेपोझिशन. सातही चुका एकाच घराण्यातल्या. “हे कशावरून लिहिलंस?” म्हटल्यावर त्याने वही काढली. क्लासच्या बाईंनी दिलेल्या याद्या होत्या, प्रत्येक प्रकाराखाली चाळीस-पन्नास शब्द. वॉटर नाउनच्या यादीत, फास्ट अ‍ॅडजेक्टिव्हच्या. म्हणजे पाठांतर चोख होतं आणि त्यानेच घात केला होता.

मी कागदावर एक मराठी वाक्य लिहिलं: ‘वर घोड्यावर बसून वर पाहतो.’

तो हसला. दोन भेटींत पहिल्यांदा. मग स्वतःच बोट ठेवत गेला. पहिला वर म्हणजे नवरदेव, ते नाम. ‘घोड्यावर’मधला वर शब्दयोगी अव्यय. तिसरा कुठे पाहतो ते सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. “मग ‘वर’ तुझ्या कुठल्या यादीत घालायचा?” यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “वाक्य बघितल्याशिवाय नाही सांगता येणार.”

मला वाटतं, आपला ‘शब्दांच्या जाती’ हा शब्दही थोडा गोंधळ घालतो. जात म्हटलं की जन्माला चिकटलेली, न बदलणारी, असंच आपल्या कानाला ऐकू येतं. इंग्रजीत तर शब्द सर्रास काम बदलतात, आणि रूप तेच ठेवून बदलतात. मराठीत ‘पाणी’ला क्रियापद व्हायचं तर सोबत ‘घाल’ लागतं. इंग्रजीतून घेतलेले शब्दही आपण असेच वापरतो: कॉल कर, पार्क कर, चार्ज कर. त्यामुळे आपल्या मुलांच्या मनात कॉल, पार्क ही नामंच बसलेली असतात. इंग्रजीत ते ‘कर’ शब्दाच्या पोटातच असतं. ओंकारला मी एवढीच खूण दिली: मराठीत सांगताना ‘कर’ किंवा ‘घाल’ जोडावं लागलं, तर बहुतेक वेळा तो शब्द तिथे व्हर्ब. आधी ‘अ’ किंवा ‘द’ आलं, तर पुढे कुठेतरी नाउन असणार. लगेचच असेल असं नाही, कारण ‘अ फास्ट बोलर’मध्ये फास्ट मध्येच घुसतो. आणि इनच्या मागोमाग कशात ते आलं, जसं ‘इन द बॉक्स’, तर प्रेपोझिशन. नुसतंच ‘कम इन’ असेल तर अ‍ॅडव्हर्ब.

ताईंशी बोलणं जास्त अवघड गेलं. त्यांना स्वतःला इंग्रजी पाचवीपासून होतं. मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं २००० साली, त्यांच्यानंतर. आपल्याला येत नाही म्हणून त्या व्याख्या म्हणवून घ्यायच्या. निदान तेवढं तरी तपासता येतं, हा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, व्याख्या विचारूच नका. पोळ्या लाटताना त्याला एक शब्द द्या आणि दोन वेगळी कामं करणारी दोन वाक्यं मागा. बरोबर-चूक तुम्हाला कळलं नाही तरी चालेल, का ते त्याला सांगू द्या. आणि डोक्याचा विषय त्याच्यासमोर पुन्हा नको. यावर त्या जरा रागावल्याच.

पुढच्या चाचणीत दहापैकी सहा आले. ‘द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन’मधल्या राउंडला त्याने अ‍ॅडजेक्टिव्ह लिहिलं होतं, आणि ते बरोबर कसं नाही यावर माझ्याशी दहा मिनिटं वाद घातला. पोटदुखीचं विचारायचं मी विसरले. ताईंनीही काढलं नाही.