जुन्या गाडीसाठी नवे कर्ज काढावे का?

प्रश्न : आमची पेट्रोल कार १४ वर्षांची आहे. गॅरेजवाल्याने क्लच आणि सस्पेन्शनच्या कामाचे ३८,००० रुपये सांगितले. पुढच्या वर्षी पासिंगही (नोंदणीची मुदत) संपते. ५ लाखांचे कर्ज काढून नवी गाडी घ्यावी का? (शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : पासिंग संपले म्हणजे गाडी भंगारात गेली, हा समज दिल्लीच्या नियमांमुळे पसरला आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची आरटीओत तपासणी होऊन नोंदणी आणखी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. त्यासाठीचे शुल्क आणि पर्यावरण कर मात्र भरावा लागतो. ५ लाख रुपये साडेनऊ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १०,५०० रुपये आणि एकूण व्याज १ लाख ३० हजार होते. म्हणजे आज आपल्याला मोठा वाटणारा दुरुस्तीचा खर्च चार हप्त्यांहूनही कमी आहे. मुदत ७ वर्षांची केल्यास हप्ता ८,१७० वर येतो खरा, पण व्याज १ लाख ८६ हजारांवर जाते.

तरीही लगेच दुरुस्तीला होकार देऊ नका, कारण आपण समुद्रकाठी राहता. गाडी लिफ्टवर चढवून घ्या आणि सस्पेन्शन जिथे बसते तिथला पत्रा स्वतः उभे राहून पाहा. पायाखालचे मॅट उचलून तिथेही बघा. स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पापुद्रे सुटत असतील आणि टोक आत जात असेल, तर त्या गाडीवर ३८,००० घालू नयेत, कारण क्लच नवा बसवता येतो, पण तळच गंजला असेल तर गाडीत बसणाऱ्यांच्या जिवाशी खेळ होतो. पत्रा धड असेल, तर दुरुस्ती करा आणि त्या १०,५०० रुपयांतले जमतील तेवढे दरमहा आवर्ती ठेवीत टाका. माझा कौल याच बाजूने आहे.

प्रश्न : माझी पिकअप ११ वर्षांची असून यंदा ऐन द्राक्षकाढणीत दोनदा बंद पडली. शोरूममधून ४ लाखांचे कर्ज ३ वर्षांसाठी ‘८ टक्के फ्लॅट’ दराने मिळत आहे. ते घेऊन दुसरी गाडी घ्यावी का? (वाहतूकदार, निफाड)

उत्तर : आपली गाडी कमावती आहे, म्हणून कर्जाला माझा विरोध नाही, भरलेले क्रेट उन्हात अडकले की त्या दिवसाचे भाडे जाते आणि बागायतदाराचा विश्वासही जातो. मात्र फ्लॅट दरात व्याज पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच आकारले जाते. आपल्याला ९६,००० रुपये व्याज पडेल, हप्ता सुमारे १३,७८० रुपये होईल आणि घटत्या शिलकीच्या, म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवरच व्याज लावण्याच्या, हिशेबाने हा दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास जातो. बँकेत जाऊन घटत्या शिलकीचा दर विचारा आणि मगच तुलना करा. भाडे नसलेल्या पावसाळी महिन्यांत हप्ता कशातून भराल, हे सही करण्याआधी वहीत मांडा. हंगामानुसार हप्ते बांधून मिळतात का, तेही विचारा.

प्रश्न : जुनी कार देऊन नवी घ्यायची आहे, पण कर्ज केव्हाच फिटले असूनही आरसीवर बँकेचे नाव आहे. (निवृत्त कर्मचारी, पुणे)

उत्तर : बँकेकडून ना हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (कर्जाचा करार संपल्याची सूचना) घ्या आणि आरटीओकडे अर्ज करून बोजा, म्हणजे आरसीवरची बँकेची नोंद, उतरवा. दाखला जुना झाला असेल, तर नव्याने मागावा लागेल. हे झाल्याशिवाय गाडीचा सौदा करू नका.