वाचकांचे प्रश्न: ऑक्टोबरमधला हवामान अंदाज किती दिवसांपर्यंत धरून चालावा?

प्रश्न: सोयाबीन काढणीला आले आहे. मोबाइलवरचे एक अ‍ॅप चौदाव्या दिवशी पाऊस दाखवते, तर दुसरे त्याच दिवशी लख्ख ऊन दाखवते. हवामान खात्याच्या दोन आठवड्यांच्या अंदाजात मात्र नेमकी तारीख नसते. आम्ही कोणावर विसंबावे?
– एक शेतकरी वाचक, लातूर जिल्हा

उत्तर: आपण हवामान खात्यावर विसंबावे, आणि त्याच्या अंदाजात तारीख नसते याच कारणासाठी विसंबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. संगणकावरील कोणताही अंदाज आजच्या वातावरणाच्या मोजमापापासून सुरू होतो. त्या मोजमापात राहिलेली बारीकशी चूक दिवसागणिक वाढत जाते आणि साधारण दोन आठवड्यांत सगळा अंदाज झाकोळून टाकते, हे अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांच्या 1963 सालच्या संशोधनापासून सर्वमान्य झाले आहे. म्हणूनच हवामानशास्त्रज्ञ सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तोच अंदाज अनेकदा चालवून पाहतात. बहुतेक वेळा उत्तर सारखेच आले तर विश्वास वाढतो, उत्तरे विखुरली तर अंदाज जपूनच सांगावा लागतो. अ‍ॅपच्या पडद्यावर सहसा हा विखुरलेपणा दिसत नाही. तिथे चौदाव्या दिवसाचे ढगाचे चित्र उद्याच्या चित्राइतक्याच ठामपणे उभे असते. खाते दर गुरुवारी जो विस्तारित अंदाज देते, त्यात त्या आठवड्यात कोणत्या भागात सरासरीपेक्षा जास्त किंवा कमी पाऊस संभवतो, पावसाबद्दल एवढेच सांगितलेले असते, आणि इतक्या आधी तेवढेच सांगता येते.

त्यातही ऑक्टोबर हा अंदाजकर्त्यांची कसोटी पाहणारा महिना आहे. मोसमी पाऊस पश्चिम राजस्थानातून सर्वसाधारणपणे 17 सप्टेंबरला परतू लागतो आणि 15 ऑक्टोबरच्या सुमारास देशातून माघारी जातो. या काळात वायव्येकडून कोरडे वारे खाली सरकत असतात, दक्षिणेत पूर्वेकडचे दमट वारे जोर धरत असतात आणि महाराष्ट्र नेमका या दोहोंच्या मध्ये सापडतो. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र ओडिशाकडे वळले तर मराठवाडा कोरडाच राहू शकतो. तेच आंध्र आणि तेलंगणातून सरळ पश्चिमेला आले तर काढणीचे सारे वेळापत्रक कोलमडते. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये हेच घडले. तीव्र कमी दाबाचे क्षेत्र 13 तारखेला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून आत शिरले, तेलंगणातून महाराष्ट्रात आले आणि सोलापूर, पंढरपूर, पुणे या भागांना त्याने झोडपून काढले. कापून शेतात पसरलेल्या सोयाबीनवर असा पाऊस पडला की शेंगांतच दाण्यांना कोंब फुटतात आणि वर्षभराचे कष्ट वाया जातात, हे आपल्याला आम्ही सांगायला नको.

अशा वेळी उपसागरात काहीतरी घडण्याचा संभव आठवडाभर आधी कळू शकतो, पण ते कोणत्या वाटेने जाईल हे शेवटच्या तीन-चार दिवसांतच पुरेसे स्पष्ट होते. तेव्हा दुसऱ्या आठवड्याच्या अंदाजावरून मजूर, मळणी यंत्र आणि ताडपत्री यांची तजवीज करावी. कापणीचा दिवस मात्र दर मंगळवारी व शुक्रवारी निघणाऱ्या पाच दिवसांच्या जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ल्यावरून ठरवावा आणि कापलेले पीक गंज लावून झाकल्याशिवाय रात्रभर उघडे ठेवू नये.

प्रश्न: ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ असा अंदाज होता, पण आमच्या गावात थेंबही पडला नाही. अंदाज चुकला असे म्हणावे का?
– एक वाचक, बीड

उत्तर: तेवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. इथे ‘तुरळक’ म्हणजे विभागातील फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर. पाऊस किती पडेल ते ‘जोरदार’ या शब्दावरून कळते. खात्याच्या मोजणीत चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे जोरदार, म्हणजेच मुसळधार पाऊस धरला जातो. म्हणजे बहुतेक गावे कोरडी राहूनही असा अंदाज खरा ठरू शकतो.

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत वृद्ध आई-वडिलांना घेऊन पुरी आणि विशाखापट्टणमला जायचे आहे. वादळ येणार का, हे तीन आठवडे आधी कळू शकेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: अमुक दिवशी अमुक किनाऱ्यावर वादळ येईल, हे इतक्या आधी कोणीही सांगू शकत नाही. मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हा उपसागरातील चक्रीवादळांचा हंगाम आहे, हे ध्यानात ठेवावे. 12 ऑक्टोबर 2013 ला ‘फायलिन’ ओडिशातील गोपाळपूरजवळ धडकले, बरोबर वर्षाने त्याच तारखेला ‘हुदहुद’ विशाखापट्टणमवर आले, आणि 2024 च्या ऑक्टोबरअखेरीस ‘दाना’ ओडिशाच्या किनाऱ्यावर आले. 1999 च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली होती. ‘फायलिन’च्या वेळी चार-पाच दिवस आधीच्या इशाऱ्यांमुळे लाखो लोकांना वेळेवर हलवता आले आणि मृतांची संख्या काही डझनांवरच राहिली. आपल्यालाही तेवढाच अवधी मिळेल असे धरून रद्द करता येणारीच तिकिटे आणि खोल्या घ्याव्यात. खात्याच्या गुरुवारच्या अंदाजात पुढील दोन आठवड्यांत वादळ निर्माण होण्याची शक्यता दिलेली असते, ती पाहत राहावे आणि निघण्याचा निर्णय चार दिवस आधी पक्का करावा. ‘दाना’च्या वेळी किनाऱ्यावरील अनेक गाड्या वादळ पोहोचण्याआधीच रद्द झाल्या होत्या, म्हणून मुक्कामात इशारा आला तर शेवटच्या दिवसाची वाट न पाहता आई-वडिलांना घेऊन आधीच परतावे.