'समलिंगी', 'समलैंगिक' आणि मध्येच आलेली 'विकृती'

प्रश्न असा: 'समलिंगी' बरोबर की 'समलैंगिक'? आणि जुन्या आरोग्यविषयक पुस्तकांत याच लोकांबद्दल 'लैंगिक विकृती' असं छापलेलं असतं, तो लेखकाचा पूर्वग्रह की तेव्हाची परिभाषा?

व्याकरणाचं लवकर आटोपतो. दोन्ही चालतात. 'समलिंग'ला 'ई' लावून समलिंगी, 'सम' आणि 'लैंगिक' जोडून समलैंगिक. काटेकोर वैयाकरणी म्हणेल, अख्ख्या समासाला 'इक' लागला तर वृद्धी (स्वराची वाढ, 'लिंग'चं 'लैंगिक' होताना होते तशी) पहिल्या पदात हवी, म्हणजे 'सामलिंगिक'. पण तसं कोण म्हणतं! माणसाबद्दल बोलताना मी 'समलिंगी' वापरतो. 'समलैंगिक'मधला 'लैंगिक' फार मोठ्याने ऐकू येतो, जणू त्या माणसाला दुसरं आयुष्यच नाही. हा माझा कान झाला, नियम नव्हे.

दुसरा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा. हे दोन्ही शब्द 'होमोसेक्शुअल'वरून घडवलेले, आणि गंमत म्हणजे तो मूळ शब्द डॉक्टरी नाहीच. कार्ल मारिया केर्टबेनी या हंगेरियन लेखकाने तो 1868 मध्ये एका खासगी पत्रात लिहिला आणि 1869 मध्ये निनावी पत्रकांतून छापला. पत्रकं होती प्रशियाच्या (आजच्या जर्मनीतलं तेव्हाचं राज्य) दंडविधानातल्या, पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलमाविरुद्ध. अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन असा हा शब्द जन्मला तो या माणसांची बाजू मांडण्यासाठी! पुढे मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंग यांच्या 'सायकोपॅथिया सेक्शुआलिस' (1886) या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्त्यांतून तो वैद्यकात रुळला आणि रोगाचं नाव होऊन बसला.

गुन्हेगार म्हणण्यापेक्षा रोगी म्हणणं तेव्हा अनेकांना दयाळूपणाचं वाटत होतं. पण रोगी म्हटलं की उपचार आले: विजेचे झटके, ओकारी आणणारी औषधं. 1952 मध्ये इंग्लंडमध्ये गणितज्ञ अॅलन ट्युरिंग यांना समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरल्यावर तुरुंग टाळण्यासाठी संप्रेरकं घ्यावी लागली. म्हणजे गुन्हेगारही आणि रोगीही. त्याच वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मनोविकारांची पहिली अधिकृत यादी काढली, तिच्यात समलैंगिकता होतीच.

आता 'विकृती'. सांख्य तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत तो निरुपद्रवी शब्द: दुधाचं दही होणं हीसुद्धा विकृती. पॅथॉलॉजीला आपण 'विकृतिशास्त्र' म्हणतो, तिथेही शिवी नाही. त्यामुळे 'लैंगिक विकृती' लिहिणाऱ्या डॉक्टरला आपण नुसती परिभाषा वापरतोय असंच वाटलं असणार. पण घरात नि रस्त्यावर 'विकृत' ही शिवीच आहे. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही': पूर्वग्रहाला परिभाषेचा डगला मिळाला. (चरकसंहितेत खुद्द 'लिंग' म्हणजे रोगाचं लक्षण, हे जाता जाता.)

मराठीत या विषयावर वेगळ्या सुरात लिहिणारे होते ते र. धों. कर्वे. 'समाजस्वास्थ्य' या आपल्या मासिकातून वाचकांच्या अशा शंकांना उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं, खटला हरले.

1957 मध्ये मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी समलिंगी आणि भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्या तज्ज्ञांपुढे ठेवल्या, कोणती कुणाची हे न सांगता. तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. डिसेंबर 1973 मध्ये त्या अमेरिकन संघटनेने समलैंगिकता यादीतून काढली. 'मतदान करून रोग बरा केला' असा टोमणा अजून मारतात. पण 1974 चं ते मतदान मागितलं होतं निर्णयाच्या विरोधकांनी, आणि 58 टक्के मतं निर्णयाच्या बाजूने पडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून ती जायला 17 मे 1990 उजाडला.

मराठी वाक्यरचनेतून मात्र रोग अजून गेलेला नाही. 'समलैंगिकतेची लक्षणं', 'समलैंगिकतेने ग्रस्त' असं आजही लिहिलं जातं. मुद्रितशोधन करत असाल तर 'समलिंगी की समलैंगिक' यावर वेळ घालवू नका, आधी तो 'ग्रस्त' खोडा. 'विषमलिंगी'ऐवजी 'भिन्नलिंगी' करता आलं तर तेही पाहा. 'विषम' म्हटलं की मला तरी पार्किंगच्या तारखा आठवतात.