मॉरिशसला सीसीटीव्ही पाठवायचेत, जमेल का?

प्रश्न : नमस्कार सर. चाकणजवळ आमचं छोटं युनिट आहे, चोरीच्या अलार्मचे पॅनल आम्ही स्वतः बनवतो आणि चीनहून कॅमेरे आणून आमच्या लेबलने विकतो. मॉरिशसमधला एक ओळखीचा म्हणतोय दोन्ही माल पाठव, भारताशी करार झालाय, ड्युटी लागणार नाही, सरकारी टेंडरं पण मिळतील. खरंच एवढं सोपं आहे का?

उत्तर : ड्युटीचं आधी सांगतो, कारण सगळे तिथंच फसतात. भारत-मॉरिशस करार १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे हे खरं, पण सवलत आहे ती भारतात बनलेल्या मालाला, चिनी कॅमेऱ्यावर तुमचं लेबल लावलं म्हणून तो भारतीय होत नाही, त्याच्यावर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठे बनला याचा दाखला, काढायच्या भानगडीत अजिबात पडू नका. आणि मुळात मॉरिशसमध्ये बहुतेक वस्तूंवर कस्टम ड्युटी शून्यच आहे, कुठूनही आणा, वर चीनशीही त्यांचा मुक्त व्यापार करार २०२१ पासूनच चालू आहे. मग तिथला दुकानदार तोच कॅमेरा पुण्यामार्गे कशाला घेईल, थेट चीनमधल्या शेन्झेनहून मागवेल ना! व्हॅट मात्र १५ टक्के, आणि तो जहाजाचं भाडं, विमा धरून लागतो, म्हणून कोट देताना सीआयएफ, म्हणजे माल, विमा आणि भाडं धरूनचा भावच द्या.

सरकारी कामाचा नाद सोडा. सेफ सिटीचं, म्हणजे सार्वजनिक जागी पाळतीचे कॅमेरे लावायचं मोठं काम मॉरिशस टेलिकॉम आणि चिनी कंपनी हुवावेने केलंय, सुमारे ४ हजार कॅमेरे लागले, अख्ख्या देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास असताना! गिऱ्हाईक आहे ते हॉटेलं, व्हिला, दुकानं, गोदामं यांच्यात.

म्हणून माझं स्पष्ट मत, कॅमेरे राहू द्या, पॅनल पाठवा, ते खरोखर तुमचे आहेत आणि बिघडले तर तुम्ही दुरुस्त करून देऊ शकता. फक्त पॅनलमध्ये जीएसएम (मोबाइल सिमवर चालणारा भाग) किंवा वायरलेस सेन्सर असेल तर तिथल्या दूरसंचार प्राधिकरणाची, म्हणजे आयसीटीएची मंजुरी माल जहाजावर चढायच्या आधी घ्या, नाहीतर पोर्ट लुई बंदरात खोकी पडून राहतील आणि डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, चढत जाईल. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, पण प्लग मुख्यतः ब्रिटिश चौकोनी पिनांचा, आपला तीन गोल पिनांचा प्लग त्यात बसत नाही. मेनू आणि मॅन्युअल फ्रेंचमध्येही द्या.

समुद्राचं मनावर घ्या. ग्रां बे, फ्लिक आं फ्लाक इथली हॉटेलं अगदी किनाऱ्यावर, खारा वारा आत शिरला की टर्मिनलच्या तांब्यावर हिरवट थर धरतो आणि सेन्सर उगाच फॉल्ट दाखवतो. आयपी६६ लिहिलंय म्हणून गंज लागणार नाही असं नसतं, तो आकडा धूळ-पाण्याचा आहे. बोर्डाला कोटिंग करा, बाहेरचे स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे वापरा. जानेवारी २०२४ च्या बेलाल वादळात पोर्ट लुईत रस्त्यावरच्या गाड्या वाहत होत्या, तेव्हा पॅनल आणि बॅटरी तळघरात बसवू नका हे मॅन्युअलमध्ये ठळक लिहा.

पहिला लॉट छोटा ठेवा, न्हावा शेवाहून एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून जाईल, पण त्यात सुटे बोर्ड, अ‍ॅडॉप्टर भरपूर टाका. आणि ओळखीच्या माणसाकडे स्वतःचा टेक्निशियन आहे का, हे पैशांचं बोलायच्या आधी विचारा. नसेल तर दुसरा माणूस शोधा.

प्रश्न : मी मूळची रत्नागिरीची, मॉरिशसमध्ये गेस्ट हाऊस सांभाळते. सुट्टीवरून येताना वायफाय कॅमेरे बॅगेतून आणले तर चालतील का?

उत्तर : ताई, आणू नका. वायफाय म्हटलं की आयसीटीएचा प्रश्न येतो, आणि भारतातली वॉरंटी तिकडे सहसा चालत नाही. तिथंच घ्या. पाहुण्यांचं चित्रीकरण होणार म्हणजे २०१७ चा डेटा संरक्षण कायदा लागतो, तेव्हा मालकांना डेटा प्रोटेक्शन ऑफिसकडे नोंदणीचं विचारून घ्यायला सांगा, दारात पाटी लावा आणि कॅमेरा खोल्यांच्या दारांकडे नको, गेट आणि पार्किंगकडे वळवा.