बटरफ्लाय एवढ्यात नको

प्रिय मुली,

तुझा मेल मिळाला, रेकॉर्डिंगही ऐकलं. शेवटचा बी-फ्लॅट, तो वरचा स्वर, सुरेख लागलाय. चोविसाव्या वर्षी पुच्चिनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’ या ऑपेरातल्या नायिकेसाठी विचारणा आली म्हटल्यावर घरी पेढे वाटून झाले असतील. तरी मी नको म्हणतेय.

गोष्टीतली नायिका चो-चो-सान पंधरा वर्षांची, पण पुच्चिनीने तिला दिलेलं गाणं पंधरा वर्षांच्या गळ्याचं नाही. एकदा रंगमंचावर आली की जवळजवळ शेवटपर्यंत तिची सुटका नाही. ‘उन बेल दी’ ही तिची आरिया, म्हणजे एकटीने गायचं गाणं, तुला जमते, मान्य. पण तिच्याआधी पहिल्या अंकातलं लांबलचक प्रेमाचं द्वंद्वगीत होऊन गेलेलं असतं आणि नंतर तासाभराहून जास्त ऑपेरा बाकी असतो. बरं, खरी परीक्षा वरच्या स्वरांत नाहीच. ती मधल्या सप्तकात आहे, जिथे ऑर्केस्ट्रा दाट वाजतो आणि माइक नसतो. तिथे ऐकू जावं म्हणून तरुण गळा छातीतून जोर लावतो. चार प्रयोग निभतात, मग वरचे स्वर हलायला लागतात. हललेला स्वर पुन्हा जागेवर बसवायला फार वेळ जातो, कधी बसतही नाही.

आपल्याकडे गायिकेला जड जायला लागलं की ती काळी पाचची काळी चार करते, तंबोरे तसे लागतात, कुणी हूं की चूं करत नाही. सोप्रानोला, म्हणजे तुझ्यासारख्या उंच आवाजाच्या गायिकेला, ती मुभा नाही. उलट युरोपातले कित्येक ऑर्केस्ट्रा वाद्यं ४४० हर्ट्झ सोडून ४४२-४४३ ला मिळवतात, म्हणजे आणखी थोडं वरच. पट्टी आपल्या हातात नाही, म्हणून भूमिका निवडताना चोखंदळ राहायचं.

तू इटालियन सोप्रानो मिरेला फ्रेनीची बटरफ्लाय ऐकून वेडी झालीस ना? कंडक्टर कारायानबरोबरची, पावारोत्तीवाली? ती भूमिका तिने स्टुडिओत गायली, सिनेमातही केली (तिथे ओठच हलवायचे होते), पण रंगमंचावर कधीच नाही. गंमत म्हणजे लहानपणी रेडिओच्या स्पर्धेत तिने नेमकी ‘उन बेल दी’ म्हटली होती, आणि बेन्यामिनो जिली या मोठ्या टेनर गायकाने तिला थोडी मोठी होईपर्यंत गाणं थांबवायला सांगितलं. तिने ते ऐकलं. १९५५ मध्ये मोदेनात ‘कार्मेन’मधल्या मिकाएलाने सुरुवात केली. मग झेर्लिना, नानेत्ता अशा हलक्या भूमिका, आणि १९६३ ला मिलानच्या ‘ला स्काला’ ऑपेरा हाउसमध्ये ‘ला बोहेम’मधली मिमी. पुढच्याच वर्षी तिथेच ‘त्राव्हियाता’त तिची हुर्यो उडाली, हेही लक्षात असू दे. जड भूमिका नंतर: डेस्डेमोना तिने पस्तिशीत घेतली, आयदा चव्वेचाळिसाव्या वर्षी. कारायानने त्याहून जड तुरांदोत गा म्हटलं तेव्हा त्यालाही तिने नाही म्हटलं. त्या काळी कारायानला नाही म्हणणं म्हणजे काय, हे इथे जर्मनीतल्या जुन्या वादकांना विचार! २००५ मध्ये, सत्तरीत, वॉशिंग्टनला ती चायकोव्स्कीची जोन ऑफ आर्क गायली, ती शेवटची.

पुढे काय, हे तू विचारलंयस. जर्मनीत अर्ज कर. इथली थिएटरं गायकाला वर्षभराच्या पगारावर ठेवतात आणि तुझ्या आवाजाचा वर्ग, म्हणजे ‘फाख’, बघून भूमिका देतात. तुझा फाख आज लिरिक सोप्रानोचा, त्यातही हलका. म्हणजे मोत्सार्टच्या पामिना, सुझान्ना, झेर्लिना. ऑडिशनला पाच आरियांची यादी द्यायची. पहिली तुझ्या पसंतीची, दुसरी ते सांगतील. पियानोवादक तिथेच पहिल्यांदा भेटतो, तेव्हा नोटेशन दोन्ही बाजूंनी छापून फाइलमध्ये लाव, कट (गाळलेले भाग) आणि श्वासाच्या जागा ठळक पेन्सिलीने दाखव आणि लय दोन ओळी हळू गुणगुणून सांग. टेबलावर बोटं वाजवून नको, वादकांना तो प्रकार अजिबात आवडत नाही. पहिल्या आरियेनंतर नुसतं ‘डांके’ (धन्यवाद) आलं तर हसून बाहेर पडायचं. कारण विचारायचं नाही. कित्येकदा त्यांना तुझ्याच जातीचा आवाज आधीच मिळालेला असतो. जर्मन मात्र बोलता येईल इतकं शीक. तालमी त्याच भाषेत होतात.

ऑपेरा हाच एक रस्ता आहे असंही नाही. मुंबईच्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ लंडनला शिकल्या, ऑपेराही गायल्या, पण त्यांचं नाव मोठं झालं ते मैफलींत आणि ब्रिटिश संगीतकार जॉन टॅव्हनरने खास त्यांच्या आवाजासाठी लिहिलेल्या रचनांत. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा पहिल्या कार्यक्रमात त्याच गायल्या. आईबाबांना हे जरूर सांग, त्यांची काळजी जरा कमी होईल.

त्या कंपनीला या आठवड्यातच कळव. बोलावल्याबद्दल आभार मान, या भूमिकेला अजून अवकाश आहे असं लिही, आणि मोत्सार्टचं काही करणार असाल तर मी आहे, हेही. तब्येतीचं निमित्त पुढे करू नकोस. आवाज बिघडलाय अशी बातमी या धंद्यात फार लवकर पसरते.

आणि आरियांची यादी नव्याने पाठव. त्यात फ्रेंच एकही नाही. ‘कार्मेन’ फ्रेंचमध्येच आहे, त्यातली मिकाएलाची आरिया घाल.

तुझी,
ताई