अमेरिकन आणि ब्रिटिश लोकांच्या झटपट, पोटभरीच्या खाण्यात नेमका फरक काय?

हा फरक अमेरिकेतील ‘मॅक अँड चीज’ आणि ब्रिटनमधील ‘बीन्स ऑन टोस्ट’ यांत स्पष्ट दिसतो. क्राफ्ट कंपनीने १९३७ मध्ये, महामंदीच्या काळात, बाजारात आणलेल्या खोक्यात सुकी मॅकरोनी आणि चीजची पूड असे. मॅकरोनी उकडून, पाणी निथळून, तीत लोणी, दूध आणि ती पूड कालवली की जेवण तयार होते. ब्रिटिश माणूस टोमॅटोच्या रसातले डबाबंद बीन्स, म्हणजे घेवड्याचे शिजवलेले दाणे, गरम करून लोणी लावलेल्या टोस्टवर ओततो. गंमत म्हणजे हे बीन्स तिथे रुजवणारी हाइन्झ कंपनी मूळची अमेरिकेतल्या पिट्सबर्गची. खुद्द अमेरिकेत मात्र बीन्स काकवी किंवा ब्राउन शुगर घालून अधिक गोड करतात आणि बार्बेक्यूसोबत तोंडीलावणे म्हणून वाढतात. पोटभरीला मॅक अँड चीज सरस, पण रोजच्या खाण्यासाठी मी बीन्सच निवडेन.