प्रश्नोत्तरे : प्रॉम्प्टच्या आधी येणारी अनोळखी चिन्हे

प्रश्न : लातूरच्या मोंढ्यातील आमच्या आडतीत सोयाबीनच्या आवकेचे आकडे दूरच्या सर्व्हरवरून आणणारी एक स्क्रिप्ट आहे. सर्व्हरची प्रणाली नवी केल्यापासून ती प्रॉम्प्टची, म्हणजे सर्व्हर पुढची आज्ञा घ्यायला तयार असल्याच्या खुणेची, वाट पाहत अडकते. स्क्रिप्टच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) प्रॉम्प्टच्या आधी चौकटी कंस, प्रश्नचिन्ह, २००४ आणि एच असे काहीतरी दिसते. हा व्हायरस आहे का?

उत्तर : नाही. त्या कंसाच्या आधी डोळ्यांना न दिसणारा २७ क्रमांकाचा एस्केप बाइट असतो, आणि ही सारी मालिका टर्मिनलला (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीला) ‘चिकटवलेला मजकूर वेगळा ओळखून दे’ असे सांगते. बॅश या सर्व्हरवर आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या ५.१ आवृत्तीपासून ही सोय आपोआप चालू असते. त्यामुळे ओळीच्या अगदी आरंभी प्रॉम्प्ट शोधणारी आपली स्क्रिप्ट फसते. सर्व्हरवरील इनपुटआरसी या टंकनाच्या सोयी ठरवणाऱ्या फाइलमध्ये ‘एनेबल-ब्रॅकेटेड-पेस्ट’ला ‘ऑफ’ केले की एवढा त्रास थांबेल, पण रंगीत प्रॉम्प्टची चिन्हे तशीच राहतील. माझ्या मते खरी चूक प्रॉम्प्टवर विसंबण्यातच आहे. दूरच्या सर्व्हरशी जोडून देणाऱ्या एसएसएच या प्रोग्रामलाच आज्ञा सोपवावी आणि टर्मिनल मागूच नये. मग बॅश संवादी रीतीने सुरू होत नाही, आणि प्रॉम्प्टही येत नाही.